दर हिवाळ्यात गार पडणारा गाडीचा हीटर : कारण बहुधा उन्हाळ्यात घडलेले असते

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे परभणीहून माजलगावच्या दिशेने निघाले, की मानवत येईपर्यंत इंजिन पुरते तापलेले असते आणि हीटरमधून गरम हवा सुरू झालेली असायला हवी. माझ्या गाडीत सलग तीन हिवाळे तसे झाले नाही. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये काही तरी दुरुस्ती झाली, काही दिवस बरे गेले आणि पुन्हा झडपांतून गार हवा येऊ लागली. तिसऱ्या हिवाळ्यात कारण नेमके सापडले. ते आपल्या भागातल्या अनेक गाड्यांना लागू पडेल असे असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

मराठवाड्यात हीटरची गरजच काय, असे अनेकांना वाटते. थंडी तर शाल पांघरूनही भागवता येते. परंतु उसाचा हंगाम चालू असताना पाथरी-माजलगावच्या पट्ट्यात पहाटे कालव्यांच्या आजूबाजूला धुके असते, गाडीत चार माणसे बसली की काच आतून धूसर होते, आणि नेमकी त्याच वेळी मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर असते. समोरच्या काचेवर फिरणारी गरम, कोरडी हवा हीच ती काच लवकर स्वच्छ करते. म्हणून हा बिघाड किरकोळ मानून पुढच्या वर्षावर ढकलू नये.

आधी हीटर चालतो कसा, ते समजून घेणे आवश्यक आहे. पेट्रोल व डिझेलच्या बहुतेक गाड्यांत हीटरसाठी वेगळी उष्णता तयार केली जात नाही. जळलेल्या इंधनातील ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती फिरणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, शोषून घेते आणि त्यातलेच थोडे गरम कूलंट दोन रबरी पाइपांनी डॅशबोर्डच्या मागे असलेल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवले जाते. याला हीटर कोअर म्हणतात. आपल्याकडचे बरेच मिस्त्री त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरची, म्हणजे आतल्या पंख्याची, हवा या कोअरवरून जाते आणि तापून आत येते. याचा अर्थ असा, की हवा येत आहे पण गरम नाही, अशी तक्रार असेल, तर शोध बहुतेक वेळा डॅशबोर्डपासून नव्हे, बॉनेटखालच्या कूलंटपासून सुरू करावा लागतो. हवाच येत नसेल, तर तो प्रश्न फ्यूज, ब्लोअर मोटर किंवा तिचा वेग कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरचा असतो. ब्लोअर केवळ सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल आणि लहान वेगांवर बंद असेल, तर रेझिस्टर जळाला आहे असे जवळजवळ निश्चित समजावे.

सर्वांत पहिली तपासणी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना करावी. कूलंटच्या बाटलीवरील कमाल आणि किमान या दोन खुणांच्या दरम्यान पातळी आहे का, ते पाहावे. रेडिएटरला वेगळे झाकण असेल, तर ते उघडून आतही काठोकाठ भरलेले आहे का, ते पाहावे, कारण झाकणाचे रबर खराब झाले असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते, आणि झाकण उघडताच दाब सुटून ते एकदम उकळते आणि उसळून चेहऱ्यावर व हातांवर येते. हीटर कोअर बहुधा कूलंटच्या मार्गात उंचावर असतो. त्यामुळे कूलंट लिटरभर कमी झाले, की तापमानाचा काटा काही दाखवण्याच्या आधीच हीटर गार पडतो. मी तर म्हणेन, की हीटर गार पडणे हा इंजिनाने वेळेआधी दिलेला इशारा आहे आणि तो उन्हाळ्यात मिळत नाही, कारण उन्हाळ्यात हीटर कोणी लावतच नाही.

पातळी बरोबर असूनही हवा गार असेल, तर पुढची तपासणी हाताने करायची आहे. मला ती परभणीतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, दाखवली. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणल्यावर त्यांनी हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवायला सांगितली, इंजिन चालू ठेवले, पंख्याच्या पट्ट्यापासून बाही दूर धरत हात आत घातला आणि केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन्ही पाइप एकामागून एक चाचपले. मग मला म्हणाले, “सर, तुम्हीच हात लावून बघा. एक गरम आहे, दुसरा गार. पाणी आत जातंय, पण पलीकडून बाहेर येत नाही.” पहिल्या पाइपाला दोन सेकंदांहून अधिक हात ठेवता येत नव्हता आणि दुसरा सकाळच्या हवेइतका गार होता. तीन हिवाळ्यांत कोणीही न केलेली ही तपासणी अर्ध्या मिनिटात झाली. पाइप फार गरम असू शकतो, म्हणून प्रथम बोटाच्या टोकाने स्पर्श करावा, आणि सैल ओढणी, उपरणे किंवा मफलर घालून चालू इंजिनावर कधीही वाकू नये.

या स्पर्शाचा अर्थ सरळ आहे. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल, तर कोअर तुंबलेला आहे, किंवा जुन्या गाड्यांत पाण्याच्या मार्गावर असणारा हीटरचा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे. दोन्ही पाइप चांगले गरम असूनही हवा गार असेल, तर कूलंटचा दोष नाही. थंड आणि गरम हवेचे मिश्रण करणारी झडप किंवा ती फिरवणारी छोटी मोटर बिघडली आहे. कळ गरमवरून थंडवर फिरवताना डॅशबोर्डच्या आतून टिकटिक असा आवाज येत राहिला, तर त्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेले असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही पाइप कोमट किंवा गार असतील, तर मार्गात हवा अडकली आहे, कूलंट फिरवणारा पंप कमजोर आहे किंवा इंजिनाचे तापमान राखणारा व्हॉल्व्ह, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडा राहिला आहे. यातही एक उपयुक्त फरक आहे. गाडी उभी असताना गार आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गरम, असे होत असेल तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंपाची पाती झिजली आहेत. याउलट गावात रहदारीत गरम आणि महामार्गावर वेग घेताच कोमट, असे होत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा.

थर्मोस्टॅटविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण आपल्या भागात त्याच्यावर मोठा अन्याय होतो. हा छोटा व्हॉल्व्ह इंजिन थंड असताना रेडिएटरकडे जाणारा मार्ग बंद ठेवतो आणि गाडीच्या प्रकारानुसार साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला उघडू लागतो. त्यामुळे इंजिन लवकर तापते आणि मग ठरावीक तापमानावर टिकते. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेला आणि एखादी गाडी तापली, की रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो आणि “आपल्याकडे एवढी गरमी, याची गरजच नाही” असे सांगितले जाते. माझ्या गाडीचेही असेच झाले होते. त्या पहिल्या हिवाळ्याच्या आधीच्या मे महिन्यात प्रवासात कूलंटचा पाइप फुटला, एका गॅरेजमध्ये नवा पाइप टाकला गेला, थर्मोस्टॅट काढला गेला आणि शेजारच्या बोअरच्या पाण्याने रेडिएटर भरून दिला गेला. उन्हाळा निभावला, म्हणून मी समाधानी होतो. थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन हिवाळ्यात पुरेसे तापतच नाही, हीटर कोमट राहतो, इंधन अधिक लागते आणि तेलात ओलावा साचतो. काही इंजिनांत तर पाण्याचा मार्ग बदलल्यामुळे गाडी उलट जास्त तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो, काढून टाकायचा नसतो. तो तपासणेही अवघड नाही. पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगून गॅसवर पाणी तापवले आणि तापमापक धरला, तर त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. त्यासाठीचे पातेले पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

आता बोअरच्या पाण्याकडे येतो, कारण हीटर पुन्हा पुन्हा तुंबण्याचे मुख्य कारण माझ्या मते तेच आहे. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात अनेक ठिकाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. अंघोळीच्या बंबात किंवा गीझरच्या कॉइलवर जी पांढरी, खडबडीत खपली साचते, ती हीच. पाणी तापले, की विरघळलेले क्षार बाहेर पडून तापलेल्या धातूवर चिकटतात. बंबाचे भांडे मोठे असते, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षे खपते. हीटर कोअरमधल्या नळ्यांत मात्र पाण्याला जेमतेम एक-दोन मिलिमीटरची वाट असते. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारी रसायने नसतात, त्यामुळे इंजिनातल्या लोखंडाचा तांबूस गंज सुटतो आणि तोही त्याच अरुंद नळ्यांत येऊन बसतो. कूलंट हे बर्फाळ प्रदेशांसाठी असते, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. पाणी गोठू न देणे हे त्याचे एक काम झाले. पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणे आणि धातूंना गंजापासून वाचवणे ही उरलेली दोन कामे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अधिकच लागतात.

याच्या जोडीला हळदीचा प्रकार आहे. रेडिएटरला बारीक गळती लागली, की मूठभर हळद टाकायची, ती फुगून छिद्र बुजवते, हा उपाय ट्रकचालकांपासून सर्वांना ठाऊक आहे, आणि हिंगोली-वसमतच्या बाजूला हळद हाताशी असतेच. आडरानात अडकल्यावर घरी पोहोचण्यासाठी एखाद्याने ते केले, तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु हळदीला किंवा बाजारात मिळणाऱ्या गळतीच्या भुकटीला छिद्र कोणते आणि हीटरची नळी कोणती, हे कळत नाही. ती दोन्ही बुजवते. असा उपाय केला असेल, तर घरी पोहोचल्यावर लगेच सगळी व्यवस्था धुऊन घ्यावी आणि गळतीचा भाग बदलावा.

माझ्या गाडीत पहिल्या हिवाळ्यात केवळ हवा काढून पाणी भरले गेले आणि वीस दिवसांनी हीटर पुन्हा गार पडला. दुसऱ्या हिवाळ्यात रेडिएटर धुतला गेला, पण हीटर कोअर वेगळा करून धुतला नाही आणि पुन्हा नळाचेच पाणी भरले, त्यामुळे दीड महिन्यात तीच अवस्था झाली. चाचांनी केले ते असे. त्यांनी हीटरचे दोन्ही पाइप इंजिनाकडच्या बाजूने सोडले, कोअरचे दुसरे तोंड बादलीत धरले आणि बागेच्या साध्या पाइपाने, कमी जोराने, पाण्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडले. आधी काहीच आले नाही. मग चहाच्या रंगाचे पाणी ठिबकू लागले, त्यानंतर एकदम गढूळ धार सुटली आणि बादलीच्या तळाशी नखाएवढ्या पांढऱ्या खपल्या साचल्या. दिशा आलटूनपालटून अर्धा तास हेच चालले, तोपर्यंत पाणी स्वच्छ झाले. त्यांनी कंप्रेसरची हवा वापरू दिली नाही, आणि ते योग्यच होते, कारण जुना ॲल्युमिनियमचा कोअर त्या दाबाने फाटला तर डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागतो. खपली फारच घट्ट असेल, तर रेडिएटर धुण्यासाठी मिळणारे द्रावण डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतेच वापरावे. तीव्र आम्ल घालण्याचा मोह टाळावा. निघालेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, चवीला गोड असते आणि कुत्री किंवा लहान मुले ते चाटू शकतात.

त्यानंतर थर्मोस्टॅटचे घर उघडले, तर ते रिकामे निघाले. नवा बसवला आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरले. हे पाणी बॅटरीत घालण्यासाठी दुकानांत सहज मिळते; मात्र बॅटरीचे ॲसिड वेगळे असते, तो गोंधळ होऊ देऊ नये. तयार मिश्रणाचे कूलंट घेतले, तर त्यात पाणी घालायचे नसते. नुसत्या रंगावरून कूलंट ओळखू नये; हिरवे किंवा लाल हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात आणि वेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळली, तर त्यांची गंजरोधक शक्ती कमी होऊ शकते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार आणि बदलण्याचा कालावधी हाच प्रमाण मानावा.

भरताना हवा काढण्यात घाई करू नये. गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवावे, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी, थंड इंजिनात हळूहळू भरावे, हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातून अखंड धार येईपर्यंत थांबावे, आणि इंजिन चालू करून पाइप हलकेच दाबत राहावे. पातळी खाली जाईल तशी भरत जावे आणि इंजिन तापू लागण्यापूर्वी झाकण लावावे. रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद झाला, की इंजिन थांबवावे आणि पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

ज्यांनी नंतर सीएनजीचे किट बसवून घेतले आहे, त्यांनी एक जागा अवश्य पाहावी. दाब कमी होताना वायू फार थंड होतो, म्हणून किटच्या रेड्यूसरला गरम कूलंट पुरवावे लागते आणि ते बहुतेक वेळा हीटरच्या पाइपांना टी-जोड देऊनच घेतले जाते. हा जोड चुकीच्या क्रमाने दिला असेल, पाइप कुठे दुमडला असेल किंवा क्लिप सैल असेल, तर सीएनजी बसवल्यापासून हीटर गार, अशी तक्रार उद्भवते. अशा गाडीत कोअर धुण्याआधी हे जोड तपासावेत.

हीटर लावताच गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट धुके चढत असेल आणि शेजारच्या आसनाखालची चटई ओली लागत असेल, तर कोअर गळत आहे. अनेक गॅरेजेस तेव्हा दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बायपास करून देतात. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि तिचा हीटर कधीच चालत नसेल, तर बॉनेट उघडून असा जोड दिला आहे का, ते आधी पाहावे.

कापसाच्या दिवसांत शेतात किंवा गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल, तर केबिन फिल्टर आणि ब्लोअरचे तोंडही एकदा उघडून पाहावे. उंदीर त्यात कापूस व चिंध्या भरून घर करतात, मग हवा कमी येते आणि हीटर निकामी झाला आहे असे वाटते.

दुरुस्ती झाल्यानंतरचे पंधरा दिवस महत्त्वाचे आहेत. रोज सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहावी आणि बाटलीवर पेनाने खूण करावी. माझ्या गाडीची पातळी त्या पंधरा दिवसांत खुणेवरून हलली नाही आणि हवा अजूनही गरम येते. पातळी उतरत असेल, तर प्रथम पाइपांच्या क्लिपा, पंपाखालची जागा, रेडिएटरचा तळ आणि आतली चटई पाहावी. बाहेर कुठेही ओल नसताना पातळी उतरत असेल, दर काही दिवसांनी हवा पुन्हा अडकत असेल आणि थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा मोठा पाइप टणक होत असेल, तर सिलिंडरमधला जळका वायू हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधल्या पातळ पट्टीतून) कूलंटमध्ये शिरत असल्याची दाट शंका घ्यावी. चांगल्या गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रावणाची चाचणी होते; रेडिएटरच्या तोंडावर धरलेल्या नळीतले द्रावण पिवळे पडले, तर वायू शिरतो आहे हे सिद्ध होते. तसे आढळल्यास हीटरवर आणखी एक रुपयाही घालू नये आणि गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये. हेड उतरवून, त्याचा पृष्ठभाग तपासून गॅस्केट बदलल्यानंतरच हीटरकडे परत यावे.